आयुष्यभराची हमी, पण आयुष्य कोणाचे?

माझा एक चुलतभाऊ जऊळक्याला काळीपिवळी चालवतो. गाडी त्याच्या नावावर, चालवणाराही तोच. घरच्या चार एकर कोरडवाहूत जे भागत नाही, ते या गाडीवर भागते. तीन वर्षांपूर्वी त्याने एका मोठ्या शहरातल्या दुकानातून पुढच्या चाकांचे दोन शॉकअप आणले. साध्या मालापेक्षा जवळजवळ दीडपट पैसे मोजले, कारण खोक्यावर ठळक अक्षरांत 'लाईफटाईम वॉरंटी' असे छापलेले होते. आमच्याकडच्या आडरस्त्यांवर शॉकअप किती दिवस टिकतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा मोह का पडला हे वेगळे सांगायला नको.

यंदा मृग लागता लागता डाव्या बाजूचा शॉकअप गळू लागला. पेरणीचे दिवस म्हणजे काळीपिवळीचेही कमाईचे दिवस. बियाण्यासाठी, खतासाठी, बँकेच्या कामासाठी सगळा गाव तालुक्याला जात-येत असतो. तरी एक दिवस गाडी उभी ठेवून, गळका शॉकअप पोत्यात गुंडाळून तो एस.टी.ने त्या दुकानात गेला. दुकानदाराने माल उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे सांगितले, "भाऊ, लाईफटाईम म्हणजे पार्टचं लाईफ. पार्ट गेला, त्याचं लाईफ संपलं." चुलतभाऊ हटेना, तेव्हा त्याने बिल मागितले. बिल जपून ठेवलेले होते, गाडीच्या कागदांच्या प्लास्टिकच्या पिशवीत. पण ते त्या गुळगुळीत कागदावरचे, उष्णतेने अक्षर उमटवणाऱ्या छोट्या यंत्रातून निघालेले. तीन उन्हाळे गाडीच्या कप्प्यात काढल्यावर त्याच्यावरची अक्षरे पार उडून गेली होती. संध्याकाळी घरी येऊन तो मला म्हणाला, "दादा, कागद त हाये, पण त्याच्यावर काईच नाई."

हे मी कोणा एका दुकानदाराला दोष देण्यासाठी सांगत नाही. त्या गृहस्थाने हसण्यावारी नेले, पण प्रश्न त्याने बरोबर काढला. आयुष्यभराची हमी म्हणतात तेव्हा आयुष्य कोणाचे? सुट्या भागाचे, गाडीचे, गाडीमालकाचे, दुकानाचे, की बिलावरच्या शाईचे? शॉकअपच्या जोडीपुरता हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण गेल्या दोन वर्षांत हाच शब्द आपल्या देशातल्या मोटारींच्या सर्वांत महागड्या भागाला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बॅटरीला चिकटवला जाऊ लागला आहे. तेव्हा त्याचा अर्थ एकदा नीट लावून घेतलेला बरा.

शब्द एक, अर्थ अनेक

आयुष्यभराची हमी ही कल्पना मूळची अमेरिकेची. १९५० च्या दशकात तिथल्या मिडास या सायलेन्सर बसवून देणाऱ्या दुकानांच्या साखळीने 'गाडी तुमच्या मालकीची असेपर्यंत' सायलेन्सरची हमी द्यायला सुरुवात केली. यात मोठे औदार्य आहे असे वरवर वाटते. हिशेब मात्र सरळ होता. गाडी दर काही वर्षांनी बदलायची हा तिथला रिवाज. त्यामुळे सायलेन्सर दुसऱ्यांदा सडेपर्यंत गाडी पुष्कळदा दुसऱ्याच्या दारात गेलेली असे, आणि दुसऱ्याच्या दारात हमी संपलेली असे. जे थोडे लोक गाडी धरून राहात, ते फुकटच्या सायलेन्सरसाठी दुकानात येत आणि येता येता दुसरेही काम काढून देत. पुढे तिथे ब्रेकच्या पॅडपासून बॅटरीच्या तारांपर्यंत अनेक भागांवर अशी हमी मिळू लागली. तिच्यात माल फुकट मिळतो. तो काढण्या-घालण्याची मजुरी ज्याची त्याने द्यायची.

या शब्दाने लोक फसतात हे तिथल्या सरकारच्याही लक्षात आले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या १९८५ च्या मार्गदर्शक नियमांत म्हटले आहे, की जाहिरातीत 'लाईफटाईम' म्हणायचे असेल तर ते आयुष्य कोणाचे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आपल्याकडे या शब्दाची पहिली मोठी ओळख झाली ती मोटारीमुळे नव्हे, मोबाईलमुळे. २००५ च्या अखेरीस मोबाईल कंपन्यांनी हजार रुपयांच्या आसपास एकदाच भरा आणि आयुष्यभर फोन घ्या अशा योजना काढल्या. खेड्यापाड्यांतल्या लोकांनी सोयाबीनच्या पैशातून ती कार्डे घेतली. २००६ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाला खुलासा करावा लागला, की इथे आयुष्य म्हणजे ग्राहकाचे आयुष्य नव्हे, कंपनीच्या परवान्याचे आयुष्य. आज त्यांतल्या कित्येक कंपन्याच उरलेल्या नाहीत. ग्राहक मात्र देवाच्या दयेने हयात आहेत.

आता विजेच्या मोटारींकडे पाहू. सप्टेंबर २०२४ मध्ये एम.जी. विंडसर ही गाडी बाजारात आली ती बॅटरीच्या आयुष्यभराच्या हमीसह, पण पहिल्या मालकापुरती. त्याच वर्षी नोव्हेंबरात महिंद्रा कंपनीने चाकणला तयार होणाऱ्या आपल्या नव्या दोन विद्युत गाड्यांना अशीच हमी जाहीर केली. तीही पहिल्या खासगी मालकाला. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की तिला वर्षांची आणि किलोमीटरची मर्यादा लागते. २०२५ च्या जून-जुलैत टाटा मोटर्सने हॅरियर, नेक्सॉन आणि कर्व्ह या विद्युत गाड्यांच्या बाबतीत तेच केले. तिथे आयुष्य म्हणजे पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे असे सांगितलेले आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणीही मोटार वाहन कायद्याप्रमाणे १५ वर्षांचीच असते. तेव्हा ही व्याख्या अगदीच हवेतली नाही. आयुष्याला आकडा दिला, हे मी तर चांगलेच मानतो. आकडा असला की भांडता येते.

पण 'पहिला मालक' ही अट जऊळक्यात बसून वाचली की तिचा अर्थ वेगळा लागतो. आमच्या गावात नवी कोरी मोटार किती जणांच्या दारात आली, ते हाताच्या बोटांवर मोजता येईल. आमच्याकडे गाडी येते ती पुण्या-मुंबईत, नाहीतर नागपूर-अकोल्याला पाच-सात वर्षे चालून. जी हमी गाडीबरोबर जात नाही, मालकाबरोबर थांबते, ती नेमकी आमच्या वेशीवर येऊन संपते किंवा आटते. आणि बॅटरीवर काही खर्च निघायचा तर तो गाडी जुनी झाल्यावरच, म्हणजे आमच्या दारात निघायचा. समृद्धी महामार्ग आमच्या मालेगाव तालुक्यातून जातो. त्यावरून या नव्या गाड्या आज जाताना दिसतात. त्या आमच्याकडे राहायला येतील, तेव्हा त्यांची हमी कितपत उरलेली असेल, हा प्रश्न आजच विचारायचा आहे.

पैसे सगळ्यांचे, बदली थोड्यांची

हमीविषयी आपला एक मूळ गैरसमज आहे. कंपनीने भाग फुकट बदलून दिला, म्हणजे मेहेरबानी केली, असे आपण समजतो. म्हणून दुकानात जाताना आपला आवाज खाली असतो. वस्तुतः हमीत फुकट काहीच नसते. किती माल परत येईल याचा मागच्या अनुभवावरून अंदाज बांधून प्रत्येक मोठी कंपनी आपल्या ताळेबंदात त्यासाठी तरतूद करून ठेवते, आणि तो खर्च मालाच्या किमतीत आधीच धरलेला असतो. म्हणजे दुरुस्तीचे पैसे आपण खरेदीच्या दिवशीच भरलेले असतात.

जुन्या गावगाड्याला हे नीट कळत होते. सुतार-लोहार वर्षभर शेतकऱ्याचा नांगर, वखर, गाडीचे चाक दुरुस्त करून देत आणि सुगीला खळ्यावरून आपले बलुते घेऊन जात. त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ सालच्या 'गावगाडा'त या व्यवस्थेचे जमाखर्च मांडले आहेत. ती व्यवस्था जातीने बांधलेली होती आणि बलुतेदाराच्या वाट्याला तिच्यात पुष्कळ अपमान होता; ती परत यावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण एक गोष्ट तिच्यात स्वच्छ होती. फाळ मोडला तर शेतकरी लोहाराकडे विनंती घेऊन जात नसे, हक्क घेऊन जात असे, कारण मोबदला ठरलेला होता. आज मोबदला आगाऊ घेतला जातो, आणि हक्काची मात्र विनंती झाली आहे.

आता पुढचा हिशेब. खोक्यावरची छापील किंमत पुण्यात आणि जऊळक्यात एकच. त्या किमतीतला हमीचा वाटाही एकच. पण पुण्याचा माणूस कचेरीतून घरी जाताना वाटेत दुकानात डोकावतो आणि भाग बदलून घेतो. जऊळक्याच्या माणसाचा त्यासाठी दिवस मोडतो, एस.टी.चे भाडे जाते, गाडी उभी राहिल्याने त्या दिवसाची कमाई बुडते, आणि 'कंपनीचा माणूस आला की बघू' असे उत्तर मिळाले तर हे सगळे दुसऱ्यांदा करावे लागते. मग तो काय करतो? मालेगावहून साधा माल आणतो, गावातल्या मिस्त्रीकडून बसवतो आणि हमी विसरतो. त्याने न मागितलेला भाग कंपनीच्या हिशेबात शिल्लक पडतो. त्या शिल्लकेतूनच दुसऱ्या कोणाला तरी तत्परतेने भाग बदलून देणे परवडते. सरळ बोलायचे तर शहरातल्या फुकट बदलीचा काही भार खेड्यातला ग्राहक उचलतो. हे कोणी कट करून घडवलेले नाही. अंतर, वेळ आणि कागद या तीन गोष्टी ज्याच्याजवळ आहेत त्याच्याकडे लाभ आपोआप वाहात जातो.

बॅटरीचे उदाहरण घ्या. मोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या साध्या बॅटरीवर बहुधा दोन टप्प्यांची हमी असते. पहिल्या टप्प्यात खराब झाली तर फुकट बदली, दुसऱ्या टप्प्यात छापील किमतीवर काही टक्के सूट. समजा, छापील किंमत ८,००० रुपये आहे आणि दुसऱ्या टप्प्यात ३५ टक्के सूट मिळते. म्हणजे नवी बॅटरी ५,२०० रुपयांना पडली. पण तीच बॅटरी बाजारात कोणालाही ६,००० ला मिळत असेल आणि जुनीचे भंगारात ८०० येत असतील, तर हमी नसलेल्यालाही ती ५,२०० लाच पडते. हमीत जुनी बॅटरी कंपनीकडे जमा करावी लागते. तेव्हा चार वर्षांच्या हमीतली दोन वर्षे पुष्कळदा कागदावरच असतात. शिवाय फुकट बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी हमी नसते. पहिल्या खरेदीच्या तारखेपासून जी काही मुदत उरली असेल तेवढीच तिच्या वाट्याला येते. घेताना महिन्यांची बेरीज न पाहता फुकट बदलीचे महिने किती तेवढेच पाहावे, हा यातला धडा.

कायदा आपल्या बाजूला किती?

पुष्कळ आहे. १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी राहिली, तेव्हा ग्राहक नावाच्या माणसाला कायद्यात वेगळे स्थानच नव्हते. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. तो जुलै २०२० पासून अमलात आहे. या कायद्यातली एक तरतूद हमीच्या संदर्भात पाठ करून ठेवावी अशी आहे. पुरेशा आणि योग्य चाचणीचा आधार नसताना वस्तूच्या कामगिरीची वा आयुष्याची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि अशी चाचणी केली होती हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर आहे. तुम्ही-आम्ही चाचणी झाली नाही हे सिद्ध करायचे नाही. विकणाऱ्याने झाली हे दाखवायचे आहे. माल बदलून देण्याचे किंवा दुरुस्त करण्याचे वचन पाळले जाण्याची वाजवी शक्यताच नसेल, तर तसे दिशाभूल करणारे वचनही याच सदरात येते. रीतसर बिल न देणे हीही नव्या कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे. म्हणजे 'पक्कं बिल पाहिजे तर टॅक्स लागेल' हे आपल्या परिचयाचे वाक्य कायद्याला मान्य नाही.

काळीपिवळी चालवणारा किंवा ट्रॅक्टर बाळगणारा शेतकरी 'ग्राहक' ठरतो का, असा एक प्रश्न नेहमी निघतो, कारण व्यापारी हेतूने केलेली खरेदी या कायद्यात बसत नाही. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच उत्तर दिले आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी कोणी ऑटोरिक्षा किंवा टॅक्सी घेतली, तर तो स्वयंरोजगार आहे आणि घेणारा ग्राहकच आहे.

दुसरी अडचण 'बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला की वॉरंटी गेली' या धमकीची. आमच्यासारख्यांना अधिकृत सेवा केंद्र म्हणजे वाशीम किंवा अकोला. गाडी वाटेत बंद पडली तर मिस्त्रीला बोलावण्यावाचून इलाज नसतो. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्याच हातात ठेवल्याबद्दल. त्या आदेशात असेही म्हटले होते, की बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाचा वाद लांबला. पण या आदेशातले तत्त्व साध्या माणसाच्या व्यवहारबुद्धीलाही पटणारे आहे. सायलेन्सरचे काम बाहेर केले म्हणून शॉकअपची हमी जाऊ शकत नाही, हे निदान तोंडाने बोलून दाखवायला हरकत नसावी.

करांबाबतही एक गोष्ट स्पष्ट आहे. हमीच्या मुदतीत भाग फुकट बदलून दिला तर त्या भागावर ग्राहकाकडून जी.एस.टी. घ्यायचा नाही, असे परिपत्रक जुलै २०२३ मध्ये निघालेले आहे. मजुरी वेगळी आकारली तर तिच्यावर कर लागतो.

तक्रारीचा मार्गही पूर्वीपेक्षा जवळ आला आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन मराठीत ऐकून घेते. तिथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दुकान मुंबईत असले तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे आम्हांला वाशीमला करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. निकाल तीन महिन्यांत, माल तपासायला पाठवावा लागला तर पाच महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, हेही सांगायलाच हवे. दीड-दोन हजारांच्या शॉकअपसाठी कोणी तारखांना जाणार नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते. तेव्हा खरा लाभ पदरात पडायचा असेल, तर तो भांडणाच्या आधी, खरेदीच्या वेळी आणि त्यानंतरच्या सवयींतून पडतो.

पिशवीतला कागद

या सवयी फार अवघड नाहीत. माल घेताना तीन प्रश्न विचारावेत. आयुष्यभर म्हणजे किती वर्षे आणि किती किलोमीटर? भाग बदलताना मजुरी आणि वाहतूक कोणाची? आणि बदलून कुठे मिळणार. याच दुकानात, की कंपनीच्या कोणत्याही विक्रेत्याकडे? उत्तरे बिलाच्या पाठीवर लिहून शिक्का मारून घ्यावीत. जो दुकानदार लिहून देत नाही, त्याच्या हमीसाठी जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही; तेवढ्या पैशात साधा माल घ्यावा.

गुळगुळीत कागदावरच्या बिलाची त्याच दिवशी झेरॉक्स काढावी आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवावा. मूळ बिल गाडीच्या कप्प्यात नको. घरी सातबारा आणि बँकेचे पासबुक जिथे असते तिथे ठेवावे. भाग बसवला त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा मिस्त्रीकडून लिहून घ्यावा. हमीचे कार्ड भरून पाठवायचे असेल किंवा मोबाईलवर नोंद करायची असेल, तर ती दुकानात उभ्या उभ्याच करावी. घरी गेल्यावर ती होत नाही. जुना भाग भंगारवाल्याला देऊ नये. तक्रार करायची झाली तर तोच पुरावा असतो. तो दुकानात किंवा सेवा केंद्रात जमा करावा लागला तर पावती किंवा जॉबकार्ड घेतल्याशिवाय हातातून सोडू नये. आणि नकार मिळालाच, तर तो लेखी मागावा. लेखी नकार द्यायची वेळ आली की पुष्कळ दुकानांत विचार बदलतो, असा माझा अनुभव आहे.

ब्रेकचे पॅड, क्लचप्लेट, वायपर हे झिजण्यासाठीच बनवलेले भाग. त्यांच्या हमीत 'नैसर्गिक झीज वगळून' असे बहुधा लिहिलेले असते, आणि या भागांना झिजेवाचून दुसरे काय होणार? टायरची हमी उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात मिळते, म्हणून टायर घेताना त्याच्या कडेवरचे शेवटचे चार अंक पाहावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीन वर्षे गोदामात पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नये. हमी कामाला येते ती सहसा न झिजणाऱ्या, पण बनावटीत खोट राहिली तर अचानक बंद पडणाऱ्या भागांना. अल्टरनेटर, स्टार्टर, पंप, विजेची उपकरणे ही अशी उदाहरणे. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर तिथे द्यावेत.

एवढे करूनही काही गोष्टी ग्राहकाच्या हातात राहात नाहीत. तळेगावला कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. जुन्या ग्राहकांना सेवा आणि सुटे भाग देत राहू, असे दोघांनीही सांगितले. पण नवी गाडी विकली जात नसेल तर जिल्ह्याच्या गावी विक्रेत्याचे दुकान चालत नाही, आणि दुकान लांब गेले की हमीही लांब जाते. आयुष्यभराचे वचन देणारा किती दिवस इथे आहे, हाही त्या वचनाचाच भाग असतो.

म्हणून काही गोष्टी सरकारने करायला हव्यात, आणि त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. दावा ज्या भाषेत, अटीही त्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत असाव्यात, असे त्यांत म्हटले आहे. जाहिरात मराठीत आणि अटी बारीक इंग्रजीत, हा प्रकार त्यामुळे चालू नये. तत्त्वे कागदावर आहेत. ती वाशीमच्या दुकानातल्या खोक्यापर्यंत यायची आहेत. 'लाईफटाईम' या शब्दाशेजारी वर्षांचा आकडा छापण्याची सक्ती व्हावी. हमी मालकाला न देता भागाला द्यावी, म्हणजे गाडी विकली तरी ती गाडीबरोबर जाईल. २०२२ साली केंद्राने दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली. तिच्या चार विषयांत शेतीची अवजारे आणि मोटारी हे दोन्ही आहेत, आणि त्याच वर्षीच्या ग्राहकदिनी संकेतस्थळही सुरू झाले. त्या कामात तालुक्याच्या गावी हमीचा माल जमा करून घेण्याची सोय हा मुद्दा आला, तर आमच्या भागाला त्याचा उपयोग इतर कोणत्याही कलमापेक्षा जास्त होईल.

चुलतभावाने शेवटी मालेगावच्या एका ओळखीच्या दुकानातून साधा शॉकअप आणून बसवला. त्याला कसलीच हमी नाही. "काई झालं त तो बदलून देते," तो म्हणतो. "त्याले माहीत हाये, म्या रोज त्याच्या दुकानावरून जातो." या बोलण्यात तथ्य आहे, ओळख हीच आमच्याकडची खरी वॉरंटी. पण ती ज्याची ओळख आहे त्यालाच मिळते. गावात नवा आलेला, ज्याच्या शब्दाला बाजारात वजन नाही, एकटी बाई, सालदाराचा पोरगा, यांना ती कोण देणार? त्यांच्यासाठीच तर छापील कागद असतो. म्हणून तो कागद खरा असला पाहिजे, आणि त्यावरची अक्षरे तीन उन्हाळ्यांनंतरही वाचता आली पाहिजेत.

जुना शॉकअप मी त्याच्याकडून मागून घेतला आहे. दोन वर्षांची मुदत अजून संपलेली नाही. बिल कोरे झाले असले, तरी त्या दिवशी पैसे मोबाईलवरून दिले होते हे त्याला परवा आठवले. आता त्या महिन्याचा बँकेचा उतारा काढायचा आहे.